पदवी दिवाणखान्यात टांगण्यासाठी नव्हे

जानेवारीच्या तीन तारखेस आपल्या वस्त्यावस्त्यांतून सावित्रीबाईंच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो. मुलींना वह्या वाटल्या जातात. वक्ता १८४८ साल सांगतो, पुण्याचा भिडे वाडा सांगतो, अंगावर शेणमाती झेलीत शाळेत जाणाऱ्या त्या माउलीची कथा सांगतो व श्रोत्यांचे डोळे पाणावतात. हे सर्व योग्यच आहे. उपकारांचे स्मरण न ठेवणारा समाज आम्हांस नको. परंतु त्या सभेतून घरी परतल्यावर तोच वक्ता व तेच श्रोते आपल्या स्वतःच्या पदवीधर मुलीचे काय करतात, हा प्रश्न विचारावयाची वेळ आता आली आहे, व तो आम्ही आज कोणाचीही भीडभाड न ठेवता विचारणार आहोत.

अशाच एका सभेनंतर एका सद्गृहस्थांकडे चहास जाण्याचा प्रसंग आला. घरची मुलगी नुकतीच एम. ए. झालेली. भिंतीवर पदवीदान समारंभाचे छायाचित्र, अंगात काळा झगा, हाती पदवीची गुंडाळी. आम्ही मुलीस विचारले, "बाळ, आता पुढे काय?" मुलीने तोंड उघडण्यापूर्वीच वडील उद्गारले, "पुढे काय साहेब, स्थळे पाहतो आहोत. तिला नोकरी करण्याची गरज नाही. आता आपल्या घरी काही कमी आहे का?" मुलगी कपबशा उचलून आत गेली. दारात तिची आई उभी होती. त्या बाईने बावीस वर्षे रस्ते झाडून या मुलीची फी भरली होती. ती काहीच बोलली नाही.

वाचकहो, "आपल्या घरी काही कमी आहे का?" हे वाक्य आमच्या समाजाचे नव्हे. ते उसने आणलेले आहे. ते कोणाच्या घरातून आणले याचा शोध घेऊ लागल्यास एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावे लागते.

त्या शतकात स्त्रीशिक्षणाचा मोठा गाजावाजा झाला. व्याख्याने झाली, पुस्तके निघाली, वर्तमानपत्रांतून कज्जे झाले. परंतु वादाचा मुख्य मुद्दा कोणता होता? स्त्रीने उंबरठा ओलांडावा की न ओलांडावा, हा! आमच्या आज्या-पणज्यांनी हा वाद ऐकला असता तर त्यांना हसू लोटले असते. उंबरठा ओलांडल्यावाचून त्यांची चूल एक दिवस तरी पेटली असती काय? गवताचे भारे, लाकडाच्या मोळ्या, रस्त्यावरची खडी, गिरणीतले साचेखाते, विड्यांचे पत्ते, दुसऱ्याच्या शेतातली खुरपणी, ही त्यांची विद्यापीठे होती. तेथे त्यांना प्रवेश मागावा लागला नाही. उलट तेथून सुटका मागण्याचीही सोय नव्हती. वरच्या वर्णाच्या स्त्रीस घराबाहेर पडण्याची बंदी होती आणि आमच्या स्त्रीस घरी थांबण्याची. दोघींच्या हाती पाटी नव्हती, एवढेच काय ते साम्य!

म्हणून सुधारकांनी जेव्हा मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट मुलगी होती. ती शिकावी, पण कशासाठी? शिकलेल्या नवऱ्यास शोभणारी सहचरी व्हावी यासाठी. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेतील मुलींची शाळा निघाली. तिच्या पुरस्कर्त्यांत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती व त्यांची कळकळ खरी होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु तिच्याविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी जी आघाडी उघडली, तिचे स्वरूप पाहा. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकाम केव्हा शिकणार? इंग्रजी शिकून त्या बिघडणार नाहीत काय? म्हणजे शाळेचे समर्थक व विरोधक या दोघांच्याही मनात मुलीचे अंतिम ठिकाण स्वयंपाकघर हेच होते. तेथे ती पुस्तक घेऊन जावी की न घेता, एवढाच वाद. ती स्वतःची भाकर स्वतः मिळवील, हा विचार त्या वादात फार थोड्यांच्या मनाला शिवला.

तो ज्यांच्या मनाला शिवला, त्यांचे काय झाले हेही पाहावे. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य तयार करण्याची मागणी केली, आणि १८८९ साली विधवांना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी शारदासदन काढले. त्यांच्या वाट्याला किती शिव्या आल्या हे जगजाहीर आहे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. तेथून बाहेर पडलेल्या काही स्त्रिया शिक्षिका व परिचारिका होऊन पोट भरू लागल्या. हे मोठे काम होय, व ते नाकारणारा कृतघ्न ठरेल. परंतु त्याच कर्व्यांनी जपानातील महिला विद्यापीठाचा आदर्श पुढे ठेवून १९१६ साली भारतीय महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा स्त्रियांसाठी अभ्यासक्रमच निराळा असावा, कारण गृहिणी व माता हे त्यांचे कार्यक्षेत्र, असा युक्तिवाद करण्यात आला. विधवेने मिळवावे आणि सवाशिणीने संसार करावा! म्हणजे नवरा मेल्याखेरीज स्त्रीस कमाईचा अधिकार नाही, असाच याचा अर्थ झाला की नाही? १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, ती शिक्षणसुधारणेसाठीच. आणि त्या परिषदेच्या खटपटीतून १९३२ साली दिल्लीस जे महाविद्यालय उभे राहिले ते गृहविज्ञानाचे. वाचकांनी हे ध्यानी ठेवावे.

विद्यापीठाचे दार उघडले म्हणजे भाकरीचे दार उघडते, अशी कोणाची समजूत असल्यास त्याने कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र पाहावे. या बाई आमच्या नाशिकात १८६६ साली जन्मल्या. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, पण स्त्रियांना तेथे परीक्षेस बसण्याची मुभा १८८३ साली मिळाली; त्यानंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया बी. ए. झाल्या व अशा झाल्या की भल्याभल्या विद्यार्थ्यांना त्यांनी मागे टाकले. त्या यशाबद्दल विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, ती 'ही स्त्री आहे' एवढ्याच कारणावरून नाकारण्यात आली. इतरांच्या साहाय्याने त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली. पदवी कधी मिळाली? १९२२ साली! तीस वर्षे परीक्षा उत्तीर्ण झालेली बाई पदवीवाचून राहिली, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना शिकवीत होते पण पदवी देत नव्हते. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करण्याची अडचण दूर करणारा कायदाही १९२३ सालचा. ज्ञान देऊ, परीक्षा घेऊ, टाळ्याही वाजवू. पण त्या ज्ञानावर पोट भरण्याची सनद देणार नाही. ही रीत केवळ मनूच्याच देशाची आहे असे नव्हे.

दुसरे उदाहरण रखमाबाईंचे. सुतार समाजातील ही मुलगी. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेले. वयात आल्यावर तिने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ साली खटला उभा राहिला व १८८७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने आज्ञा केली की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. लोकमान्यांच्या 'केसरी'ने या बंडाचे खापर इंग्रजी शिक्षणाच्या माथी फोडले. आणि एका अर्थी ते बरोबरच होते! शिकलेली मुलगी नाही म्हणू शकते, ही भीती त्यांना खरोखरच वाटत होती. पुढे १८८८ साली पैशाने तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस जाऊन १८९४ साली डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी दशकानुदशके रुग्णसेवा केली. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण दुर्दैवाने १८८७ साली, कामावर रुजू होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंवर कादंबऱ्या निघाल्या, नाटके निघाली. त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पण नवऱ्याच्या इच्छेने शिकलेल्या व अकाली गेलेल्या बाईचे जेवढे गुणगान होते, तेवढे नवऱ्याला नकार देऊन आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर जगलेल्या बाईचे होत नाही, याचे कारण प्रत्येकाने आपापल्या मनाशी शोधावे.

आता आपल्या घरी येऊ.

१८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात फुल्यांच्या शाळेतील एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता, जात मांग. या मुलीने सहचरीचा आदर्श मांडला नाही. तिने धर्म कोणाचा, असे विचारले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या, ऊन-पाऊस-थंडी सोसणाऱ्या महार-मांग स्त्रियांचे दुःख मांडले. आणि ज्ञान हे या दुखण्यावरील औषध आहे असे आपल्या जातभाईंना बजावले. औषध, अलंकार नव्हे! एवढा एक शब्दभेद ध्यानात घेतला तरी स्त्रीशिक्षणाच्या दोन परंपरा कोठे फुटतात ते दिसून येईल.

या दुसऱ्या परंपरेतील एका बाईचे नाव किती वाचकांना ठाऊक आहे? नागपूरच्या जाईबाई चौधरी. १८९२ साली उमरेड येथे महार कुटुंबात जन्म. दुष्काळाने कुटुंब नागपुरास आले. लहानपणीच लग्न झाले. ही बाई स्टेशनवर हमाली करीत असे. लोकांची ओझी डोक्यावर वाहून नेत असे. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईच्या साहाय्याने ती शिकली व मिशनच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते, म्हणून स्पृश्य पालकांनी गवगवा केला व तिची नोकरी गेली. हा प्रसंग नीट पाहा. हमाली करीत होती तोवर तिच्या स्पर्शाने कोणाचे ओझे विटाळले नाही! ओझे विटाळले नाही, पुस्तक मात्र विटाळले. तिच्या श्रमाला कोणाची ना नव्हती. तिच्या ज्ञानाच्या कमाईला होती. जाईबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. पुढे १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषद नागपुरास भरली, तेव्हा जेवणाच्या वेळी याच बाईंना वेगळे बसविण्यात आले. दहा वर्षे स्त्रीशिक्षणाचे ठराव करणाऱ्या परिषदेत एका शाळाचालक शिक्षिकेस पंक्तीत जागा नव्हती. त्या अपमानाविरुद्ध आपल्या स्त्रियांनी नागपुरात निषेधाची सभा भरविली.

आणि मग १९४२ साल उजाडले. त्या वर्षी जुलैच्या २० तारखेस नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. हजारो स्त्रिया आल्या होत्या. या परिषदेचे ठराव आमच्या प्रत्येक पदवीधर मुलीने वाचले पाहिजेत. घटस्फोटाचा अधिकार हवा. एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा, इजेची भरपाई व म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावे. गिरणीत स्त्रियांवर देखरेख करण्यास स्त्रीच नेमावी. आणि त्याच ठरावांत, त्याच कागदावर, मुलींच्या शिक्षणाची व प्रांतोप्रांती सरकारी खर्चाने मुलींची वसतिगृहे काढण्याची मागणी! दुसऱ्या परिषदांनी शिक्षणातून गृहविज्ञानाचे महाविद्यालय काढले. आपल्या आयाबहिणींनी विडी कामगारणीची रजा आणि विद्यार्थिनीचे वसतिगृह यांची एकाच दमात मागणी केली. त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पण पोट आणि पाटी हा एकच प्रश्न आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या परिषदेतील बाबासाहेबांच्या भाषणातील एक वाक्य आज प्रत्येक भित्तिपत्रकावर झळकते: समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, अशा अर्थाचे. त्याच भाषणातील दुसरा भाग मात्र कोणी छापीत नाही. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही एक जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ऐपत आल्याखेरीज ती त्यांच्यावर लादू नका, आणि पत्नीने नवऱ्याची दासी होऊन राहू नये, बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे, असेही त्यांनी त्याच दिवशी त्याच स्त्रियांना सांगितले होते. अर्धे वाक्य भिंतीवर व अर्धे अडगळीत, हा आमच्या अनुयायित्वाचा नमुना!

बाबासाहेबांस हा प्रश्न पुस्तकातून कळला नव्हता. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा विद्यार्थी तिकडून वडिलांच्या स्नेह्यास पत्र लिहितो, ते मुलांच्या बरोबरीने मुलींनाही शिकवा म्हणजे आपली प्रगती झपाट्याने होईल, असे सांगण्यासाठी. आणि त्याच काळात मुंबईच्या चाळीत मातोश्री रमाबाई काय सोसत होत्या? पोटची चार लेकरे त्या माउलीने एकामागून एक गमावली. पतीच्या नावापुढे विद्यापीठांची अक्षरे वाढत होती, आणि प्रत्येक अक्षराची किंमत जिच्या नावापुढे एकही अक्षर नव्हते त्या स्त्रीने उपास काढून भरली. हे ऋण बाबासाहेबांनी लपविले नाही. पाकिस्तानवरील आपला ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीस अर्पण करताना त्या मित्रहीन, हलाखीच्या दिवसांचा त्यांनी स्पष्ट उल्लेख केला. १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून, त्या पगारातून पै पै वाचवून, मगच ते लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करावयास गेले. मिळवावे व शिकावे, शिकावे व मिळवावे, हा क्रम त्यांनी स्वतः जगून दाखविला. म्हणूनच १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले, की कचेरीत वा कारखान्यात जाणाऱ्या तरुणास कामावर जाण्यापूर्वी शिकता यावे. म्हणूनच १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला. आणि म्हणूनच स्त्रीस वारसा व घटस्फोट यांचा हक्क देणारे हिंदू कोड बिल अडवून धरले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. स्वतःचे धन नसलेल्या स्त्रीची पदवी तिला घटकाभर मान देईल, पण अंगावर हात उगारणाऱ्यास दाराबाहेर काढण्याचे बळ देणार नाही, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले होते?

आता आमचे काही मित्र म्हणतील, "तुम्ही आम्हांस कसला दोष देता? नोकऱ्या आहेत कोठे?" हा आक्षेप खरा आहे व आम्ही तो टाळणार नाही. नेट-सेट उत्तीर्ण झालेल्या, पीएच. डी. मिळविलेल्या आमच्या मुली महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवीत आहेत. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली तर उपास. बाळंतपण आले तर पुढच्या वर्षी नाव यादीत असेलच याचा भरवसा नाही. १९४२ च्या विडी कामगारणीने जी पगारी रजा मागितली, ती आजच्या अशा प्राध्यापिकेस नाही! भारत सरकारची शिष्यवृत्ती वेळेवर न आल्याने महाविद्यालयाच्या खिडकीपुढे खाली मान घालून उभ्या राहणाऱ्या विद्यार्थिनी आम्ही पाहतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही सोय १९४४ पासूनची, बाबासाहेबांच्या खटपटीची. ती भीक नव्हे, हक्क आहे. या सर्वांविरुद्ध शासनाशी भांडलेच पाहिजे, व त्या भांडणात आम्ही पुढे राहू.

पण वाचकहो, शासनाशी भांडावयास निघालेल्या बापाने आधी आपल्या दिवाणखान्याकडे पाहावे. नोकरी नाही म्हणून मुलगी घरी बसली आहे, की नोकरी चालून आली असता "परगावी एकटी कशी पाठवावयाची?" म्हणून बसविली आहे? मुलाला पुण्यास स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पाच-पाच वर्षे ठेवणारा बाप मुलीला एक वर्षही का देत नाही? लग्नाच्या जाहिरातीत 'उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष' असे लिहिताना हात कसा अडखळत नाही? आणि मुलगी मिळवती असली तरी तिच्या बँकेचे पुस्तक कोणाच्या कपाटात असते? ज्या घरांतून आपल्याला पाण्याच्या भांड्यापासून दूर ठेवले, त्यांची दुसरी कोणतीही गोष्ट आपण घेतली नाही. नेमकी ही एक, बायकोने व मुलीने न मिळवण्याची प्रतिष्ठा, तेवढी मात्र डोक्यावर घेऊन नाचतो आहोत. गावकीची कामे टाकली, पोतराजाचे केस कापले, देव्हारे विसर्जित केले. हा नवा देव्हारा कोणी मांडला?

आमची सूचना साधी आहे. येत्या जानेवारीच्या तीन तारखेपूर्वी प्रत्येक विहाराच्या समितीने आपल्या वस्तीची एक यादी करावी. किती मुली पदवीधर झाल्या. त्यांपैकी किती मिळवत्या आहेत. ज्या मिळवत्या नाहीत त्यांना नोकरी मिळाली नाही की मिळू दिली नाही. आणि ज्या मिळवत्या आहेत त्यांचा पगार त्यांच्या स्वतःच्या हातात येतो की नाही. ही माहिती बापांस अथवा भावांस न विचारता मुलींनाच विचारावी, व विचारणाऱ्याही स्त्रियाच असाव्यात. सभा भरली म्हणजे प्रतिमेस हार घालण्यापूर्वी ती यादी, नावे वगळून, मोठ्याने वाचावी. ज्या समित्या ती आमच्याकडे पाठवतील त्यांची यादी आम्ही या पत्रातून जशीच्या तशी छापू.